'लेयर'ला थर म्हणावं, स्तर की पदर?

रामबाग, इंदूर

नमस्कार. तीन आठवड्यांपासून मी क्यूजीआयएस शिकते आहे. नकाशे करण्याचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि घरच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. कान्ह नदीकाठचे (जुने लोक खान म्हणतात) मराठी वाडे एका नकाशावर आणायचे, एवढ्यासाठी साठीनंतर हे काम हाती घेतलं. सर हिंदीत शिकवतात, मी वहीत मराठीत उतरवून घेते, आणि अडते ती शब्दांपाशी.

पहिला शब्द लेयर. नदी एका लेयरवर, रस्ते दुसऱ्यावर, वाड्यांचे ठिपके तिसऱ्यावर, आणि उपग्रहाचं चित्र वेगळंच. वहीत मी 'थर' लिहिलं होतं. दोन संध्याकाळी बसून चाळीसेक वाड्यांचे ठिपके टाकले आणि मग उपग्रहाचं चित्र जोडलं. सगळे ठिपके नाहीसे! पोटात गोळाच आला. सरांनी डावीकडच्या यादीत चित्राच्या नावापुढच्या चौकोनातली खूण काढली, तर ठिपके जिथल्या तिथे. मग ते नाव माऊसनं धरून यादीच्या तळाशी नेलं. काहीच गेलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं.

घरी पोळ्या करताना लक्षात आलं की मला शब्दानंच चकवलं. थर एकदा बसला की बसला. धुळीचा थर, सायीचा थर, गाळाचा थर. खालचं हवं असेल तर वरचं खरवडावं लागतं. दहीहंडीत तळचा थर हलला तर वरचे सगळे कोसळतात. इथे तसं नाही. मधला उचलून बाजूला ठेवा, तळातला वर घ्या, बाकीच्यांना धक्का लागत नाही. घडीच्या पोळीला पदर सुटतात, ते बोटांनी वेगळे करता येतात आणि पोळी तीच राहते. एखाद्या शब्दाला अर्थाचे अनेक पदर असतात असं आपण म्हणतो, तेही याच अर्थानं. म्हणून मला 'पदर' सुचतो.

हिंदी टिपणात 'परत' आहे. मराठी कानाला तो 'पुन्हा' ऐकू येतो, म्हणून तो नकोच. तुम्हाला काय वाटतं?

सदाशिव पेठ, पुणे

ताई, मी भूगोल शिकवायचे. उदाहरण पटलं, पण शब्द वर्गात चालणार नाही. पदर म्हटल्यावर आधी साडीचाच मनात येतो. भरल्या वर्गात मास्तरांनी "पदर काढा, आता दुसरा पदर वर घ्या" असं म्हणायचं का? मुलींना अवघड होईल, आणि ते योग्यही नाही. शिवाय प्रत्येक थर खरवडावाच लागतो असं नाही. ओझोनचा थर म्हणतोच की आपण. मी 'स्तर' सुचवेन. भूस्तर, वातावरणाचे स्तर, मुलांच्या ओळखीचा आहे.

दांडिया बाजार, वडोदरा

आमच्याकडे गुजरातीत 'पड' म्हणतात. आमरसाबरोबर बेपडी रोटली करतात. दोन गोळ्यांना मध्ये तेल लावून एकत्र लाटायचं, भाजलं की दोन्ही पातळ पोळ्या अलगद सुट्या होतात. एकत्र लाटलेलं आणि तरी सुटं होणारं, तुमचा लेयर अगदी तसाच आहे. स्तर मात्र मला उंचीचा वाटतो. राहणीमानाचा स्तर, भाषेचा स्तर. स्तर 'बंद' करता येत नाही.

रामबाग, इंदूर

पुण्याच्या बाईंचा आक्षेप मला मान्य आहे आणि महत्त्वाचाही वाटतो. पण अडचण 'पदर' शब्दात आहे की 'काढा' या क्रियापदात? काल वहीत मी 'पदर उलगडा' आणि 'पदर मिटा' असं लिहून पाहिलं. खूण केली की उलगडला, खूण काढली की मिटला. नाव आधी जोडलं, म्हणजे नदीचा पदर, वाड्यांचा पदर, तर साडी मनात येत नाही. वर्गात स्तर राहू दे, माझ्या वहीत पदरच राहील.

आता दुसरा शब्द. आपण अक्षांश-रेखांश म्हणतो, कायम याच क्रमानं. मोबाइलवर घेतलेल्या नोंदी मी तक्त्यात तशाच भरल्या. आधी २२.७२, मग ७५.८६. सॉफ्टवेअर पहिल्यांदा 'एक्स' विचारतं, मी पहिला रकाना दिला, आणि इंदूरचे वाडे नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन बसले. एक्स म्हणजे आडवं अंतर, म्हणून तिथे रेखांश द्यायचा असतो. जिभेवरचा क्रम उलटा आहे, हे कुणी आधी सांगत नाही. नवशिक्यांनी वहीच्या पहिल्या पानावर 'रेखांश-अक्षांश' असं लिहून ठेवावं.

त्यात सर रेखांशाला 'देशांतर' म्हणतात. आमच्या घरात देशांतर म्हणजे गाव सोडून परमुलखात जाणं. होळकरांच्या राज्यात पणजोबा आले, ते देशांतर. हिंदीत हा अर्थ आला कुठून?

लष्कर, ग्वाल्हेर

ज्योतिषातून. सिद्धांतग्रंथांची, म्हणजे ग्रहगणिताच्या जुन्या ग्रंथांची, मध्यरेषा उज्जैनवरून जाते, आणि तिच्यापासून आपलं ठिकाण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, त्यासाठी करायच्या दुरुस्तीला देशांतर संस्कार म्हणतात. मूळ अर्थ 'दोन ठिकाणांमधलं अंतर' असाच आहे, रेघ नव्हे. तुमचं इंदूर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, त्यामुळे तुमची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटं मागे असते.

एक सावधगिरी मात्र घ्या. मीटरमध्ये मोजायला यूटीएमचा (पृथ्वीचे सहा-सहा रेखांशांचे उभे भाग करून मोजायची पद्धत) झोन, म्हणजे त्यातला एक भाग, निवडाल, तेव्हा इंदूर आणि वडोदरा ४३ मध्ये, पण ७८ अंश ओलांडल्यामुळे आमचं ग्वाल्हेर ४४ मध्ये. झोनला 'पट्टा' म्हणायचा मोह होईल. मध्य प्रदेशात पट्टा म्हणजे सरकारनं दिलेल्या जमिनीचा कागद, म्हणून मी 'विभाग' म्हणतो.

रामबाग, इंदूर

फार आभार. 'दोन ठिकाणांमधलं अंतर' हे वाचून पणजोबांचं देशांतर आणि सरांचं देशांतर एकाच घरची निघाली.

उद्या वाड्यांची हद्द आखायची आहे. शेजारच्या दोन वाड्यांची भिंत एकच, पण रेघा दोनदा ओढल्या की मध्ये बारीक फट राहते, नाहीतर एक दुसऱ्यावर चढतो. शेतात याला बांध कोरणं म्हणतात. त्या फटीला कुणाकडे शब्द आहे का?