गोदामाची क्षमता वाढवायची आहे: रोबोट घ्यावेत की आधी उंची वापरावी?

नमस्कार. भिवंडीत मुंबई-नाशिक महामार्गालगत आमचे सुमारे 18,000 चौरस फुटांचे भाड्याचे गोदाम आहे. स्वयंपाकघरातील भांडी आणि त्यांचे सुटे भाग आम्ही ऑनलाइन विकतो. एरवी रोज हजार-बाराशे ऑर्डरी निघतात आणि दिवाळीआधी त्या तिपटीवर जातात. जागा अपुरी पडते हे खरे, पण छत 9 मीटरवर असताना आमचे रॅक जेमतेम अडीच मीटरचे आहेत.

त्याहून मोठी अडचण पिकिंगची, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे रॅकवरून माल काढण्याची आहे. कामावरच्या मुलांचा बराचसा वेळ माल उचलण्यात नव्हे, तर ट्रॉली घेऊन चालण्यात जातो, आणि 3 व 5 लिटर कुकरच्या रिंगा एकसारख्या पाकिटांत शेजारी-शेजारी असल्यामुळे घाईत चुकीची रिंग जाऊन रिटर्न वाढतात.

रॅकच उचलून माणसापर्यंत आणणारे रोबोट (अमेझॉनने 2012 मध्ये विकत घेतलेल्या किवा कंपनीची पद्धत) आता ग्रेऑरेंजसारख्या कंपन्यांकडूनही मिळतात, मात्र त्यांना सपाट फरशी लागते आणि आमच्या कोब्याला सांध्यांवर भेगा आहेत. ऑटोस्टोअरसारख्या रचनेत बिन (माल ठेवायचे डबे) एकावर एक रचल्यामुळे मधल्या वाटाच लागत नाहीत. पण तळातला बिन काढण्यासाठी वरचे सगळे हलवावे लागतात आणि आमच्या मोठ्या कढया त्यांत मावणार नाहीत. शिवाय इंग्लंडमध्ये अँडोव्हर येथे ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीचे अशाच धाटणीचे गोदाम फेब्रुवारी 2019 मध्ये बॅटरी चार्जिंगच्या ठिकाणी लागलेल्या आगीत नष्ट झाले, ही गोष्ट मनातून जात नाही.

म्हणून माझा कल नटबोल्टच्या मेझनीनकडे (गोदामाच्या आत उभारलेल्या पोटमाळ्याकडे) आहे: वर हलका माल, खाली येणारा कन्व्हेयर, दिवा लागेल त्या खणात वस्तू टाकण्याची व्यवस्था आणि प्रत्येक वस्तूचे स्कॅनिंग. भाडेकरार संपल्यावर हे सारे उकलून नेता येईल, हाही विचार आहे.

जाणकारांना विनंती की मेझनीनसाठी बांधकाम परवानगी, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला आणि मजल्याखालचे स्प्रिंकलर यांचा अनुभव सांगावा. आधी सॉफ्टवेअर बदलावे की यंत्रे आणावीत? रोबोट भाड्याने घेणे या आकाराच्या धंद्याला परवडते का? ज्यांनी असा बदल केला आहे, त्यांनी पहिल्या दिवाळीच्या गर्दीत यंत्रणा नेमकी कुठे अडली आणि तेव्हा हाताने काम चालू ठेवण्याची सोय होती का, हे अवश्य लिहावे.