चला हवा येऊ द्या: डोळे झाकून ऐकलं तर किती उरतं?

बिंदुसरा
आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं मागच्या हप्त्यात. डॉक्टरनी काळा चष्मा दिला आन सांगितलं की काही दिवस टीव्ही-मोबाईल बंद. आता आण्णांना टीव्हीशिवाय घास उतरत नाही, मग त्यांनीच तोड काढली, खुर्ची फिरवून टीव्हीकडं पाठ करून बसले आन म्हणले लाव तू, मी ऐकतो. मी झी५वर चला हवा येऊ द्याचे जुने भाग लावले, २०१४-१५-१६ चे. तव्हा हे सोम-मंगळ रात्री साडेनऊला लागायचं आणि आमच्या फिडरची लाईट नेमकी त्याच टायमाला जायची, त्यामुळं निम्मे भाग तर पहिल्यांदाच बघायलोत असं समजा.

आता मुद्दा. चार दिवसात अकरा भाग झाले. दर पाच मिन्टाला टीव्हीतली पब्लिक खो खो हसायली आन आण्णा पाठमोरेच विचारायलेत, "काय झालं रं? कामून हसायलेत?" मी सांगायचं, भाऊ कदम साडी नेसून आलाय. आण्णा गप्प. मग, "बरं. मंग?"

त्या "मंग"चं उत्तर मला अकरा भागात एकदाबी देता आलं नाही. सागर कारंडे बाई होऊन आला. मंग? कुशल बद्रिकेनं विग घातला. मंग? कुणाच्या पोटावरून, रंगावरून बोलले तर ते ऐकू येतं, पण त्यालाही आण्णा हसले नाहीत.

आणि मग पोस्टमन आला. तोच सागर कारंडे, पण खाकी ड्रेसवर, अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायला. आण्णांनी हातातली भाकर ताटात ठेवली ती पत्र संपोस्तर उचलली नाही.

म्हणून माझं म्हणणं, डोळे झाकले की ह्या शोमधलं पत्र तेवढं उरतं, बाकी सगळा कपडेपट. ऑगस्ट २०१४ ते मार्च २०२४, साडेनऊ वर्षांचा एवढाच ऐवज. बोला.

गंजगोलाई
काय पण कसोटी काढली राव! उद्या चार्ली चॅप्लिनकडं पाठ करून बसा आन म्हणा ह्यात काहीच नाही.

भाऊ कदम तोंड उघडायच्या आधी हसवतो. नुसता आत येतो, इकडं तिकडं बघतो, आन थांबतो. ते थांबणं आण्णांना ऐकू कसं येणार? साडीत विनोद नाहीच मुळी, साडी नेसून आपण काही वेगळं केलंय हे त्याच्या गावीच नसतं, त्यात विनोद हाय. आणि कॉमेडीच्या कार्यक्रमातून पत्र तेवढं उचलायचं म्हणजे मटणाच्या खानावळीत जेवून लिंबू लई भारी होतं म्हणण्यातला प्रकार झाला.

हुरडा_पार्टी
लिंबू 😂😂 कडक

पैठणगेट
बिंदुसराच्या "मंग?"ला माझा पाठिंबा, पण माझं कारण जरा वेगळंय. मी पण मध्ये जुने भाग काढून बसले होते, लेकीला दाखवावं म्हणून. श्रेया बुगडे एवढी तयारीची नटी, मिमिक्री येते, टायमिंग येतं, आणि बरीच वर्षं मेन टीममधी बाई म्हणून ती एकटी. बाकी बायांची कामं सगळी बाप्यांनी साडी नेसून करायची. लेक नववीत आहे, तिनं विचारलं, मम्मी ह्यांना बाया मिळत नव्हत्या का. मी म्हणलं मिळत असतील, मग बाया साडीत असल्यावर हसणार कोण.

गंजगोलाई
ताई, बाप्यानं साडी नेसणं टीव्हीनं काढलं का? तमाशातली मावशी कोण असते? आन तुमच्या पैठणला नाथषष्ठीला जाऊन बघा, भारूडवाला लुगडं नेसूनच उभा राहतो. ते चालतं, भाऊ कदम चालत नाही. हे आपलं उगं शहाणपण झालं.

पैठणगेट
माझं माहेरच पैठणचं आहे दादा, त्यामुळं हे तुम्ही मला सांगू नका 🙂 लहानपणी वाळवंटात बसून भारूड ऐकलंय. माणूस धोतरावरच लुगडं गुंडाळतो, मिशी तशीच, पदर दातात धरतो, पहिली दोन मिन्टं लोक हसतात हे खरंय. पण तिसऱ्या मिन्टाला मिशी दिसत नाही हो. कारण नाथांच्या भारुडातली ती बाई दादल्याचं, सासूचं, पडक्या घराचं गाऱ्हाणं मांडत असते. चारशे वर्षांच्या वर झाले, ते गाऱ्हाणं अजून जुनं झालं नाही आणि शेवटी ते देवापाशी नेऊन ठेवतात ते वेगळंच. आमची आजी त्याला हसायची आणि तिथंच डोळे पुसायची.

स्किटमधल्या बाईला गाऱ्हाणं काय असतं? ती येते, किंचाळते, पिक्चरच्या प्रमोशनला आलेल्या हिरोच्या गळ्यात पडते, झालं. आण्णांना भारूड पाठमोरं ऐकवा बरं एकदा.

बिंदुसरा
ऐकवलं की! आण्णा बीडच्या बाजूचे आन भारूड माहीत नाही असं होईल का, त्यांनी माझ्याआधी पुढची ओळ म्हणली.

मपलं_तुपलं
विषय सोडून बोलतोय, पण जुने भाग बघताना एक जाणवलं का? शोमधलं ते गाव, थुकरटवाडी, नेमकी कोणत्या जिल्ह्यात हाय? भारत गणेशपुरे आले की वऱ्हाडी ऐकू येते, अस्सल. बाकी गावात नुसतं आरं-कारं. मपलं, तुपलं, येऊलालाव, जाऊलालाव असं आपलं मराठवाडी कुणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. पत्र लिहिणारा माणूस आपल्या बीडचा, पत्रातली माणसं बी आपलीच, पण पत्राची भाषा पुस्तकी. मकरंद अनासपुरेनं पिक्चरमधून आपली बोली गाजवली तेवढीच.

नवा_मोंढा
बरं झालं वापरली नाही. वापरली असती तर "बघा बघा कसं बोलायलेत" म्हणून हसले असते. आणि तुम्ही लोक जुन्यात कशाला अडकलाव? महाराष्ट्राची हास्यजत्रा लावा, पाठ करून ऐका नाहीतर डोक्यावर उभं राहून. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदारची जुनी स्किटं लिहिलेली स्किटं हायेत, त्यात वाक्य पडतं तव्हा माणूस हसतो.

हुरडा_पार्टी
हास्यजत्रेत वाक्य पडायच्या आधी परीक्षक पडतात हसून. ते बी ऐकू येतं बरं का आण्णांना.

गंजगोलाई
परत मुद्द्यावर. बिंदुसरा, पत्र पत्र करायलास तर मी मपला अनुभव सांगतो. एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर, सगळ्या देशाच्या टीव्हीवर आमचं स्टेशन. त्याच सुमाराला शाहरुख खान 'फॅन' पिक्चरच्या प्रमोशनला थुकरटवाडीत येऊन गेलेला. आमच्या गल्लीत टँकर कधी रात्री अकराला कधी दोनला यायचा, निळे ड्रम लावून माणसं कट्ट्यावर बसलेली, बाया पायरीवर. एका पोराच्या मोबाईलवर हवा येऊ द्याची क्लिप, दहा डोकी त्याच्यावर वाकलेली, स्पीकर फाटका म्हणजे आवाज जवळपास नव्हताच. भाऊ कदम साडीत. आन सगळे हसायलेत, शेजारची म्हातारी ड्रमला धरून हसायली. कुणीतरी पुढची क्लिप लावली, ती नेमकी दुष्काळाच्या पत्राची निघाली. म्हातारी म्हणली, काढ ते, दुसरं लाव.

दुष्काळाचं पत्र पुण्या-मुंबईच्या सोफ्यावर बसून रडायला ठीक हाय रे भावा. आम्ही त्याच्यात उभेच होतो.

पैठणगेट
ह्याच्यावर मला लगेच काही बोलता येईना. खरंय.

तरी एक. म्हातारी हसली ती त्या रात्री, त्या कट्ट्यावर, दहा जणांत. आज ती क्लिप तिला एकटीला दाखवा आणि सांगा हसली का. जुने भाग परत बघणं म्हणजे तेच तर आहे, टँकरची लाईन वजा करून बघणं.

गंजगोलाई
म्हातारी गेली २०१९ ला. त्यामुळं तुमचंबी खरं, मपलंबी खरं.

औंढा_रोड
पत्राची एवढी आरती चालू हाय तर कुणी व्हायोलिनबद्दल बोलंना. पत्र सुरू झालं की मागून ते चालू होतं, मग कॅमेरा पाहुण्यांच्या डोळ्यावर, मग रुमाल. पत्राच्या शब्दात जोर हाय तर वर संगीताची फोडणी कशाला? साडी जशी दिसायची युक्ती तशी ही ऐकायची युक्ती. बिंदुसरा, तुझी कसोटी आंधळी हाय पण बहिरी न्हाई.

बिंदुसरा
औंढा_रोड, हे मात्र तू नेमकं पकडलंस. परवा पत्र चालू असताना आण्णा म्हणले होते "ते मागचं बंद कर की". मला वाटलं पंखा म्हणतेत, म्हणून मी पंखा बंद केला, त्यावर त्यांनी नुसता हात हलवला. आता कळलं कशाबद्दल होतं ते.

आणि खरं सांगायचं तर लपवून ठेवत नाही. काल तपासणीला नेलं होतं, डॉक्टर म्हणले टीव्ही बघा आता थोडा थोडा. घरी आल्या आल्या खुर्ची सरळ केली. मी मुद्दाम तोच भाग लावला ज्याला ते "मंग?" म्हणले होते. भाऊ कदम साडीत आला, अजून एक शब्द बोलला नव्हता, आन आण्णा असे हसले की आई सैपाकघरातून पळत आली, टाक्याला धक्का लागंल म्हणून. मी म्हणलं आण्णा, काय झालं, कामून हसायलाव? तर म्हणले, "गप, बघू दे."

पोस्टमन आला तव्हा मात्र उठले, खुर्ची फिरवली आन पाठ करून बसले.

गंजगोलाई
😂😂 जिंकलो

पैठणगेट
कसले जिंकलात, शेवटची ओळ वाचा परत. आणि हल्ली मोतीबिंदूला सहसा टाके नसतात, आईंना सांगा. ड्रॉप मात्र टायमावर टाका.