राखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोत ‘ओसिया’च का वाजवावा?

पांढरी दोन (मूळ लेखन)
रशियन संगीतकार सेर्गेई राखमानिनोव्ह यांनी १९०९ मध्ये डी मायनरमधील तिसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लिहिला, तेव्हा पहिल्या भागातल्या कॅडेन्झासाठी, म्हणजे वाद्यवृंद थांबून पियानो एकटा बोलू लागतो त्या जागेसाठी, त्यांनी दोन पाठ दिले. मुख्य पाठ हलका आणि चपळ, टोकाटाच्या (बोटांच्या वेगवान कसबाच्या रचनेच्या) चालीचा आहे. ‘ओसिया’ म्हणून छापलेला पर्यायी पाठ दोन्ही हातांच्या भरगच्च कॉर्डनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांनी, बांधलेला आहे. ‘ओसिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘अथवा’ असा असताना तो न वाजवणाऱ्या वादकाला कच्चे का समजावे, हे मला उमगत नाही. खुद्द संगीतकाराने ऑर्मंडी यांच्या संचालनाखाली फिलाडेल्फिया वाद्यवृंदासह केलेल्या ध्वनिमुद्रणात हलका पाठच वाजवला आहे, आणि पियानोवादक होरोविट्झ व आर्गेरिच यांचीही निवड तीच आहे. पहिल्याच भागात एवढा डोंगर उभा केला, तर अखेरच्या भागातील डी मेजरमधल्या विजयी समाप्तीसाठी चढ शिल्लक राहत नाही.

काळी पाच
संगीतकाराच्या वादनाचा दाखला इथे तितकासा टिकत नाही, कारण त्याच ध्वनिमुद्रणात त्यांनी इतर भागांतही काटछाट केली आहे आणि ती आपण आदर्श मानत नाही. आपल्या रचना लांबल्याची धास्ती त्यांना कायम असे: कोरेल्ली व्हेरिएशन्स (एकाच सुरावटीची बदलती रूपे मांडणारी त्यांची पियानो रचना) वाजवताना श्रोत्यांचा खोकला वाढला की पुढचे व्हेरिएशन गाळत असल्याचे त्यांनीच संगीतकार मेद्नेर यांना पत्रातून कळवले होते. खोकल्यावर बेतलेला निर्णय प्रमाण कसा मानावा?
खरा मुद्दा रचनेचा आहे. सुरुवातीला दोन्ही हातांनी सप्तकाच्या अंतरावर वाजणारी ती साधी, एकेरी सुरावट नेहमीच्या पद्धतीने पुन्हा न मांडता तिच्या पुनरागमनाचे काम बहुतांशी कॅडेन्झाकडेच सोपवले आहे. ते काम ओसियातील कॉर्डच पेलू शकतात, आणि पियानोवादक व्हॅन क्लायबर्न यांचे १९५८ चे कार्नेगी हॉलमधील ध्वनिमुद्रण ऐकताना ते मला दर वेळी जाणवते.

पांढरी दोन
खोकल्याचा मुद्दा मान्य. तो दाखला मी मागे घेतो. परंतु पुनरागमन हे आवाजाच्या आकारमानानेच सिद्ध होते असे नाही. टोकाटाच्या पाठातही तीच सुरावट कुजबुजत, जवळजवळ बिचकत सुरू होते आणि पाहता पाहता उसळते, त्यामुळे शिखर कुठे येणार याचा अंदाज श्रोत्याला लागत नाही. ओसियात मात्र तो पहिल्या काही मापांतच लागतो. (बहुतेक वादक ओसिया गरजेपेक्षा संथही वाजवतात, पण हा दोष त्यांचा आहे, स्वरलिपीचा नव्हे.)

काळी पाच
दोन्ही पाठ जिथे एकत्र येतात ती जागा आपण विसरलात. पियानोच्या झुळझुळत्या स्वरांवर आधी बासरी, मग ओबो, क्लॅरिनेट आणि हॉर्न ही फुंकवाद्ये मूळ सुरावटीची आठवण काढतात, आणि तेथून पुढचा कॅडेन्झा दोन्ही पाठांना सामाईक आहे. कॉर्डच्या त्या प्रचंड ओझ्यानंतर बासरी आली तरच ती एकाकी वाटते; चपळ पाठानंतर ती नुसती सुरेल वाटते.

पांढरी दोन
मला ती चपळ पाठानंतरच एकाकी वाटते, कारण तोवर कान बधिर झालेले नसतात.