झायलनेजचे आकडे डीएनएसने काढणं थांबवायला हवं

तेरणाकाठ:

लातूर, नांदेड, परभणी पट्ट्यातल्या मायक्रोबायोलॉजी नि बायोटेकच्या एम.एस्सी. प्रोजेक्टचा विषय दरवर्षी थोड्याफार फरकाने तोच असतो. कुजलेल्या कडब्यातून, बगॅसच्या ढिगातून, नाहीतर अर्धापूरकडच्या केळीच्या खुंटातून बुरशी वेगळी करायची, गव्हाच्या कोंड्यावर वाढवायची आणि तिचं सेल्युलेज, झायलनेज (वनस्पतीतल्या सेल्युलोजच्या आणि झायलनच्या साखळ्या तोडणारी एंझाइमं) मोजायचं. विषय आपल्या शेतातला आहे आणि मुलं मनापासून करतात. माझा आक्षेप शेवटच्या पायरीला आहे. झायलनेज मोजायला सगळीकडे डीएनएस, म्हणजे डायनायट्रोसॅलिसिलिक ॲसिडने रंगावरून साखर मोजायची पद्धत, वापरतात आणि त्यातून येणारा आकडा खऱ्यापेक्षा कित्येक पट मोठा असतो. तोच प्रबंधात जातो, पोस्टरवर जातो, आणि पुढच्या वर्षीची मुलं त्याच्याशी आपल्या बुरशीची तुलना करतात.

कारण सांगते. डायनायट्रोसॅलिसिलिक ॲसिडचा रिएजंट सम्नर आणि ग्रॅहम यांनी १९२१ मध्ये आणला तो लघवीतली साखर मोजायला. मोजायची साखर एकच, ग्लुकोज. उकळत्या अल्कलीत ग्लुकोजच्या टोकामुळे डीएनएसच्या एका नायट्रो गटाचा अमिनो गट होतो आणि पिवळं द्रावण तांबूस तपकिरी होतं. ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, स्टँडर्ड ग्राफवर बघायचं, साखर कळली. इथवर माझी काही तक्रार नाही.

झायलनेज मात्र सुटी झायलोज (झायलन ज्या साखरेचं बनतं ती) फारशी सोडत नाही. ते झायलनची लांब साखळी मध्येच कुठेतरी तोडतं आणि दोन, तीन, चार, पाच झायलोजचे तुकडे पडतात. तुटलेल्या प्रत्येक बंधामागे एक नवं रिड्युसिंग टोक (रिएजंटचं क्षपण करून रंग देणारं मोकळं टोक) तयार होतं, आणि आपल्याला मोजायची आहेत ती ही टोकं. म्हणजे तुकडा लहान असो की मोठा, एका टोकाला एकाच मापाचा रंग यायला हवा. डीएनएसमध्ये तसं होत नाही. उकळत्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तुकड्याचं टोक सोलून निघतं, मागचं एकक उघडं पडतं आणि तेही रंग देतं. एक बंध तोडला एंझाइमने, पुढचे तोडले वॉटर बाथने, आणि सगळे जमा झाले एंझाइमच्या नावावर.

नेल्सन-सोमोजी या साखर मोजायच्या दुसऱ्या पद्धतीत तांब्याचं क्षपण होतं आणि आर्सेनोमॉलिब्डेटने निळा रंग येतो. झायलोज, झायलोबायोज, झायलोट्रायोज, झायलोटेट्राओज समान मोल घेतले तर तिथे रंगही समान येतो. हे प्रत्यक्ष मोजून दाखवलेलं आहे, नुसता तर्क नाही. पद्धत १९४४-४५ पासून हाताशी आहे. साखळी मध्येच तोडणाऱ्या एंझाइमांसाठी, म्हणजे झायलनेज, मॅननेज वगैरेंसाठी, डीएनएसचा आकडा आयू (एंझाइमचं एकक, मिनिटाला इतके मायक्रोमोल) म्हणून छापणं आपण बंद करायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

बालाघाट:

मॅडम, तुमचं रसायनशास्त्र मला मान्य आहे. पण बीड जिल्ह्यातल्या डोंगरातल्या कॉलेजात उभं राहून हा प्रस्ताव वाचला की वेगळंच दिसतं.

नेल्सनच्या रिएजंटमध्ये अर्ध्या लिटरला ३ ग्रॅम सोडियम आर्सेनेट पडतं. हेप्टाहायड्रेट धरलं तर त्यात आर्सेनिक साधारण ०.७२ ग्रॅम. एका ट्यूबला १ मिलिलिटर रिएजंट, म्हणजे ट्यूबमागे १.४ मिलिग्रॅम आर्सेनिक. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एक ट्यूब १४० लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवते. २० मुलांची बॅच आणि प्रत्येकी १० ट्यूब धरा, झालं २८ हजार लिटर. दहा हजारी टँकर जवळजवळ तीन. एका प्रॅक्टिकलचे!

आमच्या लॅबचं बेसिन मागच्या शोषखड्ड्यात उतरतं आणि बोअर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. फ्यूम हूड नाही. घातक कचरा उचलायला गाडी येत नाही. उन्हाळ्यात त्याच बोअरवर होस्टेल चालतं. अचूक आकड्यासाठी मी हे विष त्या खड्ड्यात सोडणार नाही, आणि कुणी सोडावं असं म्हणणारही नाही.

शिवाय मुलांना करायचं असतं काय? वेगळ्या केलेल्या बुरश्यांमधली चांगली कोणती ते निवडायचं. सगळ्यांना एकच पट्टी लावली, मग ती पट्टी थोडी ताणलेली असली तरी उंच कोण ते कळतंच ना.

कडबा_कुट्टी:

बालाघाट सर, आर्सेनिकबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण पट्टीचं पटलं नाही. ही पट्टी सगळ्यांसाठी सारखी ताणलेली नसते.

मी नांदेडला पीएच.डी. करतोय, हेच काम आहे. समजा एका बुरशीच्या अर्कात झायलनेजबरोबर बीटा-झायलोसिडेज भरपूर आहे. ती तुकड्यांचीही झायलोज करून टाकते. झायलोजचंच स्टँडर्ड असल्यामुळे तिचा डीएनएसचा आकडा खऱ्याच्या जवळ राहतो. दुसऱ्या बुरशीत बीटा-झायलोसिडेज जवळपास नाहीच, सगळे तुकडे तसेच पडून राहतात. तिचा आकडा फुगतो. आता दोघींनी प्रत्यक्षात सारखेच बंध तोडले असतील तरी मुलगा दुसरीला पहिला नंबर देणार. निवडच चुकणार, सर. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर उत्पादनं बघितली की लगेच कळतं, एका लेनमध्ये झायलोजचा एकच ठळक ठिपका आणि शेजारच्या लेनमध्ये खालपर्यंत शिडी.

साखर_केमिस्ट:

धाराशिवकडच्या कारखान्यात लॅबला आहे. आमची पद्धत वेगळी, रस-काकवीतली रिड्युसिंग शुगर लेन-आयनॉन पद्धतीने फेहलिंगच्या तांब्याच्या द्रावणावर टायट्रेट करतो, मेथिलीन ब्लूचा निळा रंग गेला की थांबतो. पण लॅब केमिस्टच्या जागेसाठी मुलं येतात तेव्हा त्यांचे प्रोजेक्ट मी वाचतो, म्हणून बोलतो.

मॅडम, पद्धत बदलून फार काही होणार नाही. आहे तीच नीट होत नाही.

मिलरचा डीएनएसवरचा १९५९ चा लेख सगळे नावाला घेतात, पण त्यातला मुख्य मुद्दा कुणी पाळत नाही. रिएजंटमध्ये सल्फाइट घालतात ते विरघळलेल्या ऑक्सिजनपासून साखर वाचवायला. रोशेल सॉल्ट त्या सल्फाइटच्या कामात अडथळा आणतं, पण रंग टिकायला ते लागतंच. म्हणून मिलरने दोन वाटा दिल्या. एक तर रंग आल्यावर रोशेल सॉल्ट घाला, नाहीतर प्रत्येक ट्यूबमध्ये ठरावीक ग्लुकोज आधी टाकून तेवढी तूट भरून काढा. आपल्याकडे रोशेल सॉल्ट पहिल्यापासून बाटलीत असतं आणि ग्लुकोज कुणी टाकत नाही. मग सुरुवातीच्या ट्यूबमधली थोडी साखर रंग न देताच जाते, रेघ शून्यातून जात नाही, आणि मुलं एक्सेलमध्ये टिक करून ती जबरदस्तीने शून्यातून नेतात. कमी ॲक्टिव्हिटीचे सगळे नमुने तिथेच बिघडतात.

दुसरं ब्लँकचं. कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीच्या अर्कात कोंड्याची स्वतःची साखर असते. ती वजा करायची तर एंझाइम ब्लँक (एंझाइमला काम करू न देता घेतलेली तुलनेची ट्यूब) लावावा लागतो, आणि त्यात डीएनएस आधी, एंझाइम नंतर. उलट केलं तर एंझाइम मधल्या मिनिटात काम करून मोकळं. मी विचारतो, तुझा एंझाइम ब्लँक कसा लावला? बहुतेक जण डिस्टिल्ड वॉटरचा रिएजंट ब्लँक सांगतात.

आणि तिसरं म्हणजे साधा भागाकार. ९०० मायक्रोग्रॅम झायलोज आली. भागिले १५० केलं की ६ मायक्रोमोल. १० मिनिटं आणि अर्धा मिलिलिटर एंझाइम धरलं तर मिलिलिटरला १.२ आयू. तेच सवयीने ग्लुकोजच्या १८० ने भागलं की १.० येतं. मग पन्नास पट डायल्युशनने गुणतात, आणि ६० च्या जागी ५० छापलं जातं.

तेरणाकाठ:

तुमचं तिन्ही बरोबर आहे आणि मुलांना मी हे शिकवते. पण ब्लँक कितीही नीट लावला, रोशेल सॉल्ट वेळेवर घातलं, भागाकार अचूक केला, तरी अल्कलीत टोकं सोलून निघायची ती निघणारच. तो दोष हाताचा नाही, म्हणून तो हात सुधारून जात नाही. आणि खरं सांगायचं तर मला हीच गोष्ट जास्त छळते. काळजीपूर्वक काम करणाऱ्या मुलीचाही आकडा फुगलेलाच येतो, आणि तिच्या प्रबंधात कुठेच चूक सापडत नाही.

बालाघाट:

मग आयुपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) 'फिल्टर पेपर असे' (सेल्युलेजची कागदाच्या पट्टीवरची चाचणी) डीएनएसवर कसा बसवला? १९८७ मध्ये आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष सरांनी तो मांडला आणि जगभर तोच चालतो. व्हॉटमन नंबर १ ची १ बाय ६ सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे ५० मिलिग्रॅम, पीएच ४.८ चं सायट्रेट बफर, ५० अंश, एक तास, मग ३ मिलिलिटर डीएनएस आणि ५ मिनिटं उकळणं. जगाला चालतं ते आपल्या मुलांना का चालू नये?

तेरणाकाठ:

सर, फिल्टर पेपर असेला माझा विरोध नाहीच. त्याचं एककच पद्धतीने बांधलेलं आहे. बरोबर २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल एवढं एंझाइम किती पातळ करावं लागतं ते शोधायचं आणि ०.३७ ला त्या प्रमाणाने भागायचं. ०.३७ येतात कुठून? २ मिलिग्रॅम ग्लुकोज म्हणजे ११.१ मायक्रोमोल, भागिले अर्धा मिलिलिटर, भागिले ६० मिनिटं. तिथे किती बंध तुटले असा दावा कुणी करत नाही. सगळ्यांनी एकाच बिंदूवर मोजायचं एवढंच ठरलंय, आणि म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवता येतात. सीएमसीवर (विरघळणाऱ्या सेल्युलोजवर) एंडोग्लुकानेज (सेल्युलोजची साखळी मध्येच तोडणारं एंझाइम) काढतानाही दोन पद्धतींतला फरक झायलनइतका मोठा नसतो. माझं बोलणं झायलनेजपुरतं आणि त्याच्या भावंडांपुरतं आहे. तिथे आपण मिनिटाला इतके मायक्रोमोल असं छातीठोक लिहितो, आणि तेवढे मायक्रोमोल एंझाइमने केलेले नसतात.

मोंढा_रोड:

एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, परभणी. मॅडम, मग ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजचं किट वापरलं तर? रक्तातल्या साखरेचं, ५०५ नॅनोमीटरवालं. आर्सेनिक पण नाही आणि कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबवाल्याकडे मिळतं.

कडबा_कुट्टी:

ते फक्त ग्लुकोज ओळखतं रे. झायलोज, सेलोबायोज, फ्रुक्टोज काहीच नाही. इन्व्हर्टेज करत असशील तर मस्त चालेल. सुक्रोज स्वतः रिड्युसिंग नाही, तुटली की एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज, त्यातली ग्लुकोज मोजली की झालं. मोड आलेल्या ज्वारीचं अमायलेज असेल तर डीएनएसच कर, पण बर्नफेल्डप्रमाणे माल्टोजचं स्टँडर्ड लाव आणि तसं लिही. आर्सेनिक टाळायचं तर पाहबाह म्हणून एक रिएजंट आहे, पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झोइक ॲसिड हायड्रॅझाइड, ४१० ला पिवळा रंग, डीएनएसपेक्षा खूप कमी साखरेवर काम भागतं. उकळती अल्कली मात्र तिथेही आहे, तेव्हा झायलोबायोजचं स्टँडर्ड लावून तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नकोस.

साखर_केमिस्ट:

झायलोबायोजच्या बाटलीची किंमत बघितली का दादा? मिलिग्रॅमच्या हिशेबात मिळते. कॉलेजच्या वर्षाच्या केमिकलच्या बजेटमध्ये ती बसत नाही. हे सांगायचं कारण एवढंच की नांदेडच्या डिपार्टमेंटमध्ये बसून सोपं वाटतं ते तालुक्याच्या गावी तसं नसतं.

बालाघाट:

हेच मी सुरुवातीपासून म्हणतोय. तरीही कडबा_कुट्टींचा निवड उलटण्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. दोन बुरश्यांमध्ये मुलगा भलतीच निवडणार असेल तर ती पट्टी आहे तशी चालवून घेता येणार नाही, हे मान्य.

एक विचारतो. एका नमुन्यावर दोन्ही पद्धती करून गुणोत्तर काढलं आणि तेवढ्याने सगळे आकडे भागले तर? एकदाच कुणीतरी कचऱ्याची सोय असलेल्या लॅबमध्ये नेल्सन करायचं, बाकी वर्षभर आमचं डीएनएस.

तेरणाकाठ:

नाही चालणार, सर. गुणोत्तर सब्स्ट्रेट बदललं की बदलतं, किती वेळ चालू दिलं त्यावर बदलतं, आणि वर सांगितलं तसं बुरशीगणिक बदलतं. बीचवूड (बीच झाडाच्या लाकडातल्या) झायलनवर काढलेला भाजक कडब्याच्या झायलनला लावला तर एका चुकीवर दुसरी चढेल. करायचंच तर छाननी डीएनएसवर करा, आकड्यापुढे आयू लिहू नका, आणि वरचे चार-पाच आयसोलेट (वेगळ्या केलेल्या बुरश्या) नेल्सनवर तपासून घ्या. २०० ट्यूबच्या जागी वीस-पंचवीसमध्ये काम होईल आणि तो कचरा एका बाटलीत मावेल.

बालाघाट:

यावर मी तयार आहे, अट एकच. नेल्सनची एकही ट्यूब आमच्या बेसिनपाशी येणार नाही. आमच्या मुलांच्या जर्नलमध्ये यापुढे "झायलोज-तुल्य, डीएनएस, ५ मिनिटं उकळून" असं लिहायला लावतो. त्याला विद्यापीठाचे एक्स्टर्नल काय म्हणतील ते मी बघतो. आयू हे नाव काढल्यावर मार्क कापले तर मुलांच्या बाजूने मी उभा राहीन.

कडबा_कुट्टी:

सर, नमुने माझ्याकडे पाठवा. आमच्याकडे आर्सेनिकचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये साठवतात, बेसिनमध्ये काही जात नाही. क्रूड अर्क बर्फात घालून सकाळच्या एसटीने टाका, संध्याकाळपर्यंत माझ्या हातात पडेल. प्रत्येक आयसोलेटबरोबर उकळून मारलेला अर्कही वेगळ्या ट्यूबमध्ये द्या, ब्लँकला लागेल. आणि बफर ॲसिटेटचं घ्या, सायट्रेट नको. सोमोजीच्या रिएजंटमध्ये तांबं टार्ट्रेटने धरून ठेवलेलं असतं, त्यात सायट्रेट आलं की तेही तांब्याला धरतं आणि रंग कमी येतो.