बॅटमन आयएनटीजे की आयएसटीजे? शनिवारच्या आत चार्ट हवा आहे

सुरसागर_काठ
बॅटमनचा एमबीटीआय टाइप (स्वभावाचे १६ प्रकार चार-चार अक्षरांत सांगायची पद्धत) एकदाचा सांगा. तीन ठिकाणी शोधलं, तीन उत्तरं मिळाली: आयएनटीजे, आयएसटीजे, आयएसटीपी. स्पायडरमॅनचाही तोच घोळ, आणि हल्कचं तर काहीच समजत नाही. आठ जणांचा चार्ट आहे, शुक्रवारी दुपारी छपाईवाल्याला फाइल द्यायची. फक्त उत्तरं द्या, सिद्धान्त नको.

पानोपानी
कोणता बॅटमन? १९३९ चा, १९८७ च्या 'इयर वन'मधला की सिनेमातला? आठ जण कोण? बघणारे कोण? आणि तुम्ही चार अक्षरं वेगवेगळी ठरवताय की मानसशास्त्रज्ञ युंगची फंक्शन्स, म्हणजे मन माहिती कशी घेतं आणि निर्णय कसा करतं ते, बघताय?

सुरसागर_काठ
बॅटमन म्हणजे कॉमिक्समधला, आणखी कोणता? बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या मंडळात नववी-दहावीची मुलं येणार आहेत. बाकी सुपरमॅन, वंडर वुमन, स्पायडरमॅन, हल्क, आयर्नमॅन, कॅप्टन अमेरिका, फ्लॅश. फंक्शन्स वगैरे मुलांना कशाला?

चौकटी_वाचक
मुलांना नकोत, पण ठरवताना तुम्हाला लागतील. नुसत्या अक्षरांवर गेलात की गप्प दिसला म्हणून आय (अंतर्मुख) आणि शिस्तीचा दिसला म्हणून जे (आखून चालणारा), असंच होतं.

बॅटमनसाठी 'इयर वन' धरा. 'बॅटमन' मासिकाचे अंक ४०४ ते ४०७, चारच आहेत, आणि ब्रूसच्या, म्हणजे बॅटमनच्या, मनातलं निवेदन चौकटींत लिहिलेलं आहे, त्यामुळे आपल्याला अंदाज कमी बांधावे लागतात. पहिल्या रात्री तो वेश बदलून बाहेर पडतो आणि रक्तबंबाळ होऊन घरी येतो. पैसा आहे, कसब आहे, तरी काहीतरी सापडत नाही म्हणून अडून बसलाय. वटवाघूळ खिडकी फोडून आत येतं आणि त्याला हवं ते मिळतं. सगळी साधनं हाताशी असूनही प्रतीक सापडेपर्यंत थांबणं हे एनआय, म्हणजे अंतर्मुख इंट्यूशन. मग त्या प्रतीकाभोवती यंत्रणा उभी करणं हे टीई, म्हणजे बहिर्मुख थिंकिंग. म्हणून आयएनटीजे.

त्याच अंकांत पोलीस अधिकारी गॉर्डन आहे. समोरचं काम, पोलिसातलं कर्तव्य, एकेक पायरी. तो आयएसटीजे. दोघं एकाच शहरात एकाच गुन्हेगारीशी लढतात, म्हणून शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

आयएसटीपी म्हणणारे मारामारी बघून म्हणतात. ते कसब झालं, स्वभाव नव्हे.

जुना_अंक
पटलं नाही. 'जेएलए' (जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघाचं मासिक) ४३ ते ४६, साल २०००. आपल्याच साथीदारांना कसं रोखायचं याच्या फायली बॅटमनने करून ठेवल्यात आणि खलनायक रास अल घूल त्या चोरतो. प्रत्येकाची कच्ची बाजू नोंदवून ठेवणं हे एसआय (अंतर्मुख सेन्सिंग, तपशील साठवणं) आणि टीई. वर 'काय काय बिघडू शकेल' ही भीती, म्हणजे या टाइपचं सर्वांत दुबळं फंक्शन, एनई (बहिर्मुख इंट्यूशन). आयएसटीजेच.

चौकटी_वाचक
वाचन बरोबर आहे, पण लेखक वेगळा, काळही वेगळा. दोन लेखकांची रूपं एका रकान्यात कोंबली की कुठलाही टाइप सिद्ध करता येतो. तीन ठिकाणी तीन उत्तरं याच कारणाने मिळाली. रकान्यात नावाखाली अंक आणि साल छापा, वाद तिथेच थांबतो.

नऊ_कोन
एमबीटीआय सोडा, एनिअग्राम (स्वभावाचे नऊ नंबर) घ्या. तो वागणुकीमागची भीती पकडतो. बॅटमन सहा नंबर: धोका आधीच हेरायचा. रासने चोरलेल्या त्या फायलीच घ्या ना.

जुना_अंक
त्याच फायलींवरून पाच नंबरही म्हणता येईल आणि एक नंबरही. पद्धत बदलली तरी रूप ठरवावंच लागतं. शिवाय शुक्रवार उद्यावर आलाय, ताईंना नवी पद्धत शिकायला वेळ कुठे?

मोजपट्टी
मुळात माणसं १६ खोक्यांत बसत नाहीत. गुणांचा आलेख काढला तर बहुतेकजण मध्याजवळ येतात, त्यामुळे पुन्हा चाचणी दिली की एखादं अक्षर सहज उलटतं. मुलांकडून नायकांवर बिग फाइव्ह (पाच स्वभावगुण मोजायची पद्धत) करून घ्या. दहा विधानांची टीआयपीआय चाचणी २००३ पासून आहे. प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण, पाच स्वभावगुणांना दोन-दोन विधानं, त्यांतलं एक उलटं. उलट्याचे गुण ८ मधून वजा करायचे आणि दोघांची सरासरी घ्यायची. तीन मुलांनी एकाच अंकावरून स्वतंत्र गुण द्यावेत. दोनहून जास्त फरक पडला तर त्या स्वभावगुणासाठी कोणती चौकट पाहिली ते एकमेकांना दाखवावं.

सुरसागर_काठ
हे छान आहे पण मला चार्ट हवाय. हल्कचं सांगा.

चौकटी_वाचक
हल्कची बेरीज करू नका. १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा आहे आणि रात्र पडली की बदलतो, रागाचा संबंध नाही. १९९१ च्या ३७७ व्या अंकात बॅनर (हल्कमागचा शास्त्रज्ञ माणूस), हिरवा हल्क आणि करडा हल्क एकत्र होतात, म्हणजे तोवर लेखकालाही ती तीन वेगळी व्यक्तिमत्त्वं वाटत होती. जागा एकच असेल तर बॅनर घ्या: आयएनटीपी. रागाने तोडफोड करतो म्हणून हल्कला एफ देऊ नका. एफ म्हणजे मूल्यांवरून निर्णय, भावनेचा उद्रेक नव्हे.

स्पायडरमॅनसाठी चित्रकार डिटकोचे अंक, १ ते ३८. लढताना विनोद करतो म्हणून लोक ईएनटीपी म्हणतात, पण त्याच चौकटीतले विचारांचे फुगे वाचा: मे काकू, अपराधीपणा, पैशांची चिंता. ३३ व्या अंकात अवजड यंत्राखाली सापडल्यावर तो काकूसाठी उठतो. बोलणं फुग्याशी जुळत नसेल तेव्हा फुगा खरा धरायचा. माझ्या मते आयएसएफजे.

पानोपानी
शक्ती आणि स्वभाव यांचीही गल्लत होते. फ्लॅशला वेगामुळे 'ईएस' (बहिर्मुख, समोरच्यावर लगेच झेपावणारा) देतात. १९५६ चा फ्लॅश म्हणजे बॅरी अ‍ॅलन, तो पोलीस प्रयोगशाळेत काम करणारा, सगळीकडे उशिरा पोहोचणारा माणूस आहे. सुपरमॅनमध्ये १९८६ हे वळण पाहा: लेखक-चित्रकार बर्नने क्लार्कला (सुपरमॅनचं रोजचं रूप) खरा माणूस केलं आणि सुपरमॅन झाला मुखवटा. मुखवट्याला टाइप देऊ नका.

मोजपट्टी
वंडर वुमनला तरी डिस्क (वागणुकीचे चार प्रकार मांडणारी पद्धत) लावा. तिचा निर्माता मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता. १९२८ च्या पुस्तकात त्यानेच डिस्कच्या चार प्रकारांचा पाया घातला, आणि वंडर वुमन १९४१ ची.

जुना_अंक
मार्स्टन १९४७ मध्ये गेला. नंतरच्या अंकांना त्याची मोजपट्टी लावता येणार नाही. आणि एकीलाच वेगळी पद्धत लावली तर तुलना कशी करणार?

ध्रुव_पंखा
चार्टमध्ये हिंदी कॉमिक्समधला सुपर कमांडो ध्रुव का नाही? १९८७ पासून आहे, अंगात शक्ती नाही, सगळं विज्ञान आणि प्रसंगावधान. शक्ती आड येत नाही, म्हणून टाइप ठरवायला याच्याइतकं सोपं कोणी नाही. जुने हिंदी अंक इंदूर-बडोद्याकडे अजून कुठे मिळतात का?

पानोपानी
अंकांसाठी वेगळा धागा काढा, लोक सांगतील.

सुरसागर_काठ
बरं. बॅटमन 'इयर वन' आयएनटीजे, बॅनर आयएनटीपी, स्पायडरमॅन आयएसएफजे, तिघांखाली अंक आणि साल लिहिलं. ए३ कागद आहे, आठच रकाने, गॉर्डनला जागा नाही. आयर्नमॅनचं अजून ठरलेलं नाही.

चौकटी_वाचक
आयर्नमॅन काढा आणि गॉर्डन बॅटमनला लागून ठेवा. अंक-सालाची ओळ १८ पॉइंटच्या खाली नेऊ नका, भिंतीवर वाचता येणार नाही. एमबीटीआय हा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, शीर्षकात 'युंगच्या टाइपवर आधारित' एवढंच लिहा. सुपरमॅनचा अंक कोणता धरताय ते कळवा, रात्री बघून सांगतो.