तापातून उठलेला पाणबुड्या लगेच पाण्यात उतरावा का?

पंचगंगाकाठ : काल येथे एका सदस्याने लिहिले की, किरकोळ विषाणू-तापानंतर नौदलाच्या पाणबुड्याला आठवडाभर पाण्याबाहेर ठेवणे हे डॉक्टरांचे नसते लाड आहेत; जो दहा किलोमीटर धावतो, तो बुडीही मारू शकतो. पंधरा वर्षे पाणबुड्याचेच काम केल्यामुळे मला गप्प बसवत नाही. धावणाऱ्याच्या कानांवर दाब बदलत नाही. पाण्यात मात्र पहिल्या १० मीटरांतच दाब दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्म्यावर येते, म्हणून सर्दीने घशाकडची नळी सुजलेला कान तेथेच अडतो. एकदा सरावाच्या वेळी मी नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरलो. तळाशी असताना गोळीचा अंमल संपला, आणि वर येताना कपाळाच्या हाडातल्या पोकळीत अडकलेली हवा बाहेर पडेना. मुखवटा काढला, तेव्हा काचेच्या खालच्या कडेला रक्त साचले होते.

लालमाती : आपला अनुभव मान्य आहे, पण सैनिक घडतो तो अंगावर काढूनच. २०१९ च्या महापुरात कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची ४३ फुटांची पातळी केव्हाच मागे पडली होती आणि नौदलाची पथके आपल्याकडे आली होती. तेव्हा कोणी कोणाची सर्दी विचारली का? आमच्या तालमीत ताप उतरला की दुसऱ्या दिवशी जोर-बैठका सुरू होतात. घाम गाळला की उरलासुरला ताप जातो, असे आमचे वस्ताद सांगत, आणि त्यांचे पैलवान कधी आजारी पडले नाहीत.

राजारामपुरीचा डॉक्टर : घामाने ताप जातो, ही समजूत मी तीस वर्षे ऐकतो आहे आणि आता संताप येतो. माझा चुलतभाऊ साध्या तापातून उठून चौथ्या दिवशी जोर मारताना कोसळला. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. तो वाचला, पण सहा महिने आखाडा बंद राहिला. पाण्यात तर पायांकडचे रक्त छातीकडे सरकते आणि त्याच हृदयावर अधिक भार पडतो.

लालमाती : एका चुलतभावावरून तालमीला दोष देऊ नका. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले त्या गावात आपण राहतो. दवाखान्यात बसून मातीची परीक्षा होत नाही!

फुलेवाडीची आई : तालमीचे भांडण क्षणभर बाजूला ठेवा. माझा मुलगा नौदलात पाणबुड्याचे प्रशिक्षण घेतो आहे. फोनवर तो "मी ठणठणीत आहे" म्हणतो, आणि त्याच वाक्यात दोनदा खोकतो. वैद्यकीय तपासणीत अडकला तर तुकडी पुढे जाईल आणि आपण मागे राहू, ही भीती त्याला आहे. अशा पोराच्या शब्दावर त्याला उतरवणार का?

पंचगंगाकाठ : ताई, खरी अडचण तुम्हीच सांगितलीत. चिकट कफामुळे फुफ्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकली, तर वर येताना ती फुगते, फुफ्फुसाचा नाजूक पडदा फाटतो आणि बुडबुडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. लालमाती, पुरात होडीवरून माणसे काढणे वेगळे आणि सिलिंडर लावून तळ गाठणे वेगळे. प्रत्यक्ष मोहिमेत अधिकाऱ्याला धोका पत्करावा लागतो, हे मी नाकारत नाही. पण सरावासाठी ती सबब चालणार नाही. सरसकट आठवड्याचा नियमही मला पटत नाही. खोकला थांबला आहे, गोळीशिवाय दोन्ही कान सहज मोकळे होतात आणि दमछाक पूर्वीसारखीच आहे, हे तपासून ठरवावे. कोणाला तीन दिवस पुरतील, कोणाला महिना लागेल.

लालमाती : पाणबुड्यांपुरते मान्य करतो, तालमीचे नाही. तरीही आमच्याकडे एक पोरगा चार दिवसांपासून खोकतो आहे. खोकला थांबेपर्यंत त्याने जोर मारू नयेत, असे उद्या वस्तादांना सांगून पाहतो.