‘बाळा, हे तुझं पडलं का रे?’ : गोड बोलून कचरा उचलला जातो म्हणे!

गेट नंबर सात
परवा एका ताईंनी आपल्या या ऑनलाइन कट्ट्यावर सल्ला दिला. गल्लीतली मुलं कचरा टाकत असतील तर रागावू नका. त्यांच्या उंचीइतके वाका, हसा आणि म्हणा, ‘बाळा, हे तुझं पडलं का रे?’ मूल लाजेल, उचलेल आणि जन्मभर लक्षात ठेवील. खाली पन्नासेक जणांनी हात जोडलेत. मला राहवलं नाही. लांबण लागेल, माफ करा.

मी नागपुरात त्रिमूर्तीनगरकडे राहतो. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. साडेपाचला पोट्टे क्रिकेटला जमतात. पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट घ्यायचं, दातानं कोपरा फाडायचा, तो तुकडा तिथंच थुंकायचा. पाकीट तोंडात उपडं करायचं, मग त्यात फुंकून फुगवायचं आणि पायाखाली फोडायचं. फट्ट! माझ्या गेटसमोर नालीवर लोखंडी जाळी आहे. एका रविवारी मोजली तर तिच्यावर २१ पाकिटं. ते थुंकलेले कोपरे मोजलेच नाहीत, ते जाळीला चिकटतात, झाडूनं निघत नाहीत, नखानं काढावे लागतात.

तर मी वाकलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असूनही वाकलो. पहिल्या दिवशी पोरानं पाकीट उचललं, खिशात घातलं आणि चार पावलं पुढं जाऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘काकाजी, हे लाल आहे, माझं हिरवं होतं.’ आणि खरंच त्याचं हिरवं होतं! तिसऱ्या दिवशी त्याची आई गेटवर. ‘आमच्या मुलाला एकटं गाठून काय बोलता तुम्ही?’ वय ६४ माझं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं म्हणणं एवढंच, की हे गोड बोलणं म्हणजे आईबापांशी बोलायची हिंमत नसलेल्यांचं सोंग आहे.

खामल्याची ताई
ती ताई मीच. काका, तुमच्या गुडघ्याबद्दल वाईट वाटलं, पण तीन दिवसांत काय होणार? मी गल्लीतल्या अकरा मुलांची नावं पाठ केली, त्यात दोन महिने गेले. नाव घेऊन हाक मारली की मूल थांबतं. ‘ए पोट्ट्या’ म्हटलं की पळतं. आणि एकट्याला गाठायचं नसतं, हे मी लिहिलं होतं. तुम्ही अर्धंच वाचलं.

एका मुलानं मला सरळ विचारलं, ‘काकू, मग टाकू कुठं?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी रंगाची रिकामी बादली तारेनं खांबाला बांधली. आता दहातली सात मुलं बादलीत टाकतात.

गेट नंबर सात
आणि उरलेली तीन?

खामल्याची ताई
टाकतात रस्त्यावर. ते मी लिहिलं नव्हतं. झालं समाधान?

बर्डीवाला
काकाजी, ‘माझं हिरवं होतं’ वाचून चहा सांडला माहा. पण एक सांगा जी, पोट्ट्यायच्या मागं काहून लागून राहिले तुम्ही? त्याच जाळीवर खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना ज्यात घोटते त्या प्लास्टिकच्या पन्न्या किती होत्या थ्या नाही मोजल्या. काहून नाही मोजल्या ते मी सांगतो. खर्रा खाणाऱ्याले बोलाची ताकद नाही कोणात. मी सकाळी दुकानासमोर झाडतो तं अर्धं सूप पन्न्याच निघते. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या, चोळामोळा केलेल्या. थ्या टाकणारे पोट्टे नाही, चाळीस-चाळीस वर्षांचे घोडे आहेत. पोट्टं बापाचं पाहूनच शिकते ना बाप्पा.

गेट नंबर सात
मान्य. पण विषय मुलांचा आहे. खर्ऱ्याचा वेगळा धागा काढा.

बर्डीवाला
काढला असता, पण लिहाले कोणी येणार नाही. सगळ्यायचं तोंड भरलेलं आहे.

मास्तर, निवृत्त
३१ वर्षं शिकवलं. दर शनिवारी वर्ग मुलंच झाडत. जो स्वतः झाडतो तो टाकताना विचार करतो, हा माझा अनुभव. पुढं पालक यायला लागले, ‘आमचा मुलगा शाळेत झाडायला येतो का?’ आणि ते बंद पडलं. जपानमध्ये आजही मुलं स्वतःची शाळा साफ करतात. जपान कशाला, गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. गावात आले की आधी खराटा, रात्री कीर्तन. दिवसभर गाव झाडल्यावर बोलायचा अधिकार येतो. काकाजी, तुम्ही नुसती पाकिटं मोजली की उचललीही?

तर्री जास्त
आलं जपान! मी वाटच पाहत होतो.

गेट नंबर सात
मास्तर, ती जाळी गेली नऊ वर्षं मीच साफ करतो. आणि बाबांचं अर्धंच सांगू नका. कर्ज काढून लग्नं-तेरव्या करणाऱ्यांना, नवसाला बकरं कापणाऱ्यांना ते कीर्तनात तोंडावर सुनावत. वाकून ‘बाळा’ म्हणत नव्हते.

उत्तर नागपूर
मास्तर, तुम्ही चांगले असाल, पण हा शनिवारचा झाडू आम्हीही पाहिला आहे. वर्गात चाळीस पोरं आणि झाडू मात्र आमच्या वस्तीतल्या दोघांच्याच हातात. बाकीचे बाकांवर बसून ‘तिकडं राहिलं बे’ म्हणायचे. बाईंना त्यात काही वावगं दिसायचं नाही. माझ्या आईनं शाळेत येऊन तो झाडू बाईंच्या टेबलावर ठेवला, तेव्हा थांबलं. ‘पालक यायला लागले’ म्हणता ना, त्यातली एक माझी आई होती असं समजा. आणि काकाजी, पोट्टे-पोट्टे करताय ते फ्लॅटमधले की मागच्या झोपडपट्टीतले, हे मनात आधीच ठरवलंय का?

गेट नंबर सात
मी झोपडपट्टीचा शब्द काढला नाही. तुम्हीच काढला. आणि हिरव्या पाकिटवाल्याच्या घरी दोन कार आहेत, आता बोला.

मास्तर, निवृत्त
माझ्या वर्गात हजेरीपटाच्या क्रमानं पाळी होती. पण शेजारच्या वर्गात तुम्ही म्हणता तसंच चालायचं. मी पाहत होतो, बोललो नाही. एवढं कबूल करतो.

उत्तर नागपूर
एवढंही कोणी करत नाही, मास्तर. टोमणा नाही मारत.

वसुली अधिकारी
इतकं तत्त्वज्ञान कशाला? कायदा आहे. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ ची. मनपाचं उपद्रव शोध पथक आहे. फोटो काढा, तक्रार करा, आईबापांना दंड बसला की पोरं आपोआप सुधारतात. २३ सप्टेंबर २०२३ ला शहर बुडालं ते याच पाकिटांनी नाल्या तुंबल्या म्हणून.

डागा लेआउट
थांबा. त्या पहाटे माझ्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, ते पाणी नाग नदीत मावलं नाही आणि आमच्या हॉलमध्ये आलं. माझा फ्रीज आडवा होऊन तरंगत होता, साहेब. चिप्सच्या पाकिटानं फ्रीज तरंगत नाही. पोरांच्या डोक्यावर पूर टाकून मोठ्यांना मोकळं करू नका.

नाली तुंबते हे खरं. पण त्या पाकिटाचं करायचं काय, तेही सांगा. कबाडी बाटली नेतो, पुठ्ठा नेतो, हे फुकट दिलं तरी नेत नाही. आत चांदीसारखा चकचकीत थर, बाहेर प्लास्टिकचा, ते एकमेकांपासून सुटत नाहीत. मूल ते डब्यात टाको नाहीतर नालीत, शेवटी भांडेवाडीचा कचरा डेपोच.

वसुली अधिकारी
बरं, पुराचं मागं घेतो. दंडाचं नाही.

बावीस वर्षं खातो
वरच्या खर्ऱ्यावाल्या प्रतिसादाला उत्तर. इथं सगळे सोवळ्यात आहेत वाटतं. मी २२ वर्षं खर्रा खातो. पन्नी रस्त्यावर टाकत नाही, खिशात ठेवून घरच्या डब्यात टाकतो. सरसकट बोलायचं काम नाही.

बर्डीवाला
वा वा. आन् पिचकारी?

बावीस वर्षं खातो
नालीत.

बर्डीवाला
म्हणजे काकाजीच्या जाळीवर!

बावीस वर्षं खातो
अबे, थुंकायला काय मी घरून बेसिन घेऊन फिरू? तुझ्या दुकानासमोर तर बोर्ड आहे ना, ‘थुंकू नये’? त्याच्यावरच लाल झालंय सगळं. आधी गिऱ्हाइकांना सांग तुझ्या.

बर्डीवाला
तू पाहून गेला वाटते. म्हणजे तूच होय!

तर्री जास्त
गुटखा २०१२ मध्ये बंद झाला राज्यात. तेव्हा आमच्या ऑफिसमधल्यांनी सुतक पाळलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सगळे खर्ऱ्याच्या टपरीवर. हल्ली तर घोटायला मशिनी आल्यात. पुढच्या मारबतीच्या मिरवणुकीत पन्नीवाल्यांचाच पुतळा, बडग्या काढा, ‘खर्रा-पन्नी घेऊन जा गे मारबत!’

मानेवाड्याची वहिनी
थट्टा चाललीय, चालू द्या. माझ्या दिरांचं वय ३७. खर्रा खाऊन खाऊन तोंडात दोन बोटं जेमतेम जातात आता. पोळी वरणात कुस्करून, चमचा आडवा करून आत सरकवावी लागते. तिखट लागलं तर डोळ्यांत पाणी. तर्रीपोहे हा माणूस सोडत नव्हता, आता समोरच्या प्लेटीकडं बघतो नुसता. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या चकरा चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, आहे त्यापुढं जाऊ नये एवढंच बघायचं.

आणि माझा सहा वर्षांचा मुलगा पन्नीत बडीशेप घेतो, तळहातावर दाबून घोटतो आणि म्हणतो, ‘काका, खर्रा घ्या.’ घरातले हसायचे. एकदा मी ताट आपटलं, तेव्हापासून हसत नाहीत. पण पोरगं अजून घोटतंच, फक्त माझ्या माघारी. घोटून झालं की पन्नी खिडकीतून बाहेर. हुबेहूब काकासारखी, बोटानं टिचकी मारून. त्याला मी कितीही वाकून ‘बाळा’ म्हटलं तरी काय होणार, सांगा.

खामल्याची ताई
वहिनी, याला माझ्याकडं उत्तर नाही.

बावीस वर्षं खातो
वहिनी, खरं सांगू का, माझीही तीन बोटं जात नाहीत आजकाल. सकाळी आरशासमोर करून पाहतो मी. घरी बोललो नाही.
जाऊ द्या. विषय कचऱ्याचा होता ना?

बर्डीवाला
भाऊ, मस्करीत बोललो. उद्याच दाखवून ये मेडिकलले. येतो मी संग, दुकान दुपारी बंदच राहते.

तर्री जास्त
गेला धागा. काकाजी, तुमची पाकिटं राहिली जाळीवर.

गल्लीतलीच एक
पाकिटांचं मी सांगते. काकाजी, ‘गेट नंबर सात’ नाव घेऊन लपता येत नाही, जाळीवरून ओळखलं मी. तुम्ही नेहमीप्रमाणे अर्धंच सांगितलं. आई तिसऱ्या दिवशी आली ती ‘बाळा’ म्हटलं म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तुम्ही जाळीवरची पाकिटं गोळा करून, खरडलेल्या गाळासकट, तिच्या गेटमधून आत टाकली होती. माझ्या गॅलरीतून स्वच्छ दिसलं. तिच्या तुळशीपाशी पडलं ते सगळं.

गेट नंबर सात
हो, टाकली. नऊ वर्षांत एकदा टाकली. ज्याचा माल त्याला परत.

गल्लीतलीच एक
पण लाल पाकीट त्याचं नव्हतंच ना! तुम्हीच लिहिलंय वर.

उत्तर नागपूर
काकाजी, यावर गप्प बसलात तर आम्ही समजून घेऊ.

गेट नंबर सात
तुळस मला अंधारात दिसली नाही. त्याबद्दल त्या बाईंना जाऊन सांगेन. पाकिटांबद्दल सांगणार नाही.

मास्तर, निवृत्त
आणि किराणावाला? माल त्याचा, नफा त्याचा. त्याच्या दाराशी डबा का नाही? मुलांना आणि आयांना धरण्यापेक्षा ते सोपं आहे.

गेट नंबर सात
विचारलं. म्हणतो, ‘डबा ठेवला की कुत्रे पाडतात, मग झाडायचं मीच.’ म्हणजे आता मी झाडतो ते चालतं! असो. ताईंची बादलीची गोष्ट तेवढी घेतो. उद्या जुना पत्र्याचा डबा बाहेर ठेवीन. पण वाकणार नाही, आणि ‘बाळा’ तर अजिबात म्हणणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

खामल्याची ताई
नाव विचारा फक्त. हिरव्या पाकिटवाल्याचं नाव काय?

गेट नंबर सात
माहीत नाही.

गल्लीतलीच एक
नऊ वर्षं झाली, काकाजी. तो आठ वर्षांचा आहे.

गेट नंबर सात (चार दिवसांनी)
विचारणाऱ्यांसाठी : डबा ठेवला. पोट्ट्यांनी पहिल्याच संध्याकाळी त्याचा स्टंप केला. बॉल लागला की डबा आडवा, आतलं सगळं पुन्हा जाळीवर. हिरवा माझ्याकडं येऊन म्हणतो, ‘काकाजी, तुमचा स्टंप हलतो. आत दोन विटा टाका ना.’

बर्डीवाला
मग टाकल्या का जी?

गेट नंबर सात
एकच टाकली. दुसरी तो आणतो म्हणाला.